ईडिथ: शिशाच्या पेटीतलं नाव

[माग्देबुर्ग कॅथेड्रल. दगडी समाधी.]

एल्बे नदीकाठचं जर्मन शहर माग्देबुर्ग. इथल्या कॅथेड्रलमधली ही समाधी 1510 सालची. ती रिकामीच असणार, असं अभ्यासक धरून चालले होते. 2008 मध्ये झाकण उचललं, तर आत शिशाची छोटी पेटी. तिच्यावर कोरलं होतं, राणी ईडिथ.

राणी जर्मनांची, पण लेक इंग्लंडच्या एडवर्ड राजाची. तिच्या माहेरी हे नाव ‘एआदग्यूथ’ असं म्हणत. ‘एआद’ म्हणजे संपत्ती, ‘ग्यूथ’ म्हणजे युद्ध. नावांच्या पुस्तकांत ही दोन पदं जोडून ‘समृद्धीसाठी लढणारी’ वगैरे छापतात, ती सजावट. अँग्लो-सॅक्सन, म्हणजे त्या काळच्या इंग्लंडातल्या घरांत नावाचं एक पद बरेचदा घरातूनच उचलत. वडील एडवर्ड, सावत्र भाऊ एडमंड आणि एड्रेड, ही ईडिथ: सगळ्यांच्या सुरुवातीला ‘एआद’च. नुसतं ‘एआद’ ऐकलं की घराणं कळायचं.

929-30 च्या सुमारास सावत्र भाऊ अ‍ॅथेलस्टनने दोन बहिणी जर्मनीला धाडल्या. तिथला राजपुत्र आणि पुढचा राजा ऑटो याने त्यांतली एक निवडायची होती. त्याने हिला निवडलं, आणि लग्नात माग्देबुर्ग हिला भेट दिलं.

[प्रयोगशाळा. जबडा, मग दात अगदी जवळून.]

पेटीत रेशमात गुंडाळलेली हाडं. ती तिचीच का? कवटी जवळजवळ नाहीच, वरचा जबडा मात्र उरलाय. दाताचं एनॅमल लहानपणी थराथराने तयार होतं आणि नंतर बदलत नाही. पाण्याअन्नातलं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य त्यात अडकतं, आणि ज्या त्या भागातल्या खडकाप्रमाणे त्याची घडण वेगळी असते. ब्रिस्टल विद्यापीठात लेसरने एनॅमलचे सूक्ष्म नमुने घेतले, थर ओळीने वाचले.

[आलेख.]

ही मुलगी दक्षिण इंग्लंडच्या चुनखडी प्रदेशात वाढलेली. रेघ आधी वरखाली होते, कारण राजाचा लवाजमा सतत फिरता. साधारण 9 वर्षांपुढे रेघ स्थिर, म्हणजे फिरणं थांबलं. त्याच सुमारास एडवर्डने तिच्या आईला सोडून दुसरं लग्न केलं होतं. जर्मनीतल्या माइन्त्समध्ये हाडं तपासली: वय तिशी-चाळिशीतलं, घोडेस्वारीची सवय.

[कॅथेड्रल, ऑक्टोबर 2010. पुन्हा दफन.]

ती वारली 946 मध्ये. पुढे मुलगा लिउडोल्फ बापावरच उलटला.

1066 मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, आणि तिथे नॉर्मन नावांची चलती झाली. 1100 मध्ये इंग्लंडचा राजा पहिल्या हेन्रीशी लग्न करणारी दुसरी एक ईडिथ राणी होताना माटिल्डा झाली. 19व्या शतकात तिथल्या घरोघरी मुलींचं नाव पुन्हा ईडिथ ठेवू लागले.