लिनक्सवर अँड्रॉइडची अ‍ॅप्स: वेड्रॉइड कुठे अडतं आणि का

मंडळी, लॅपटॉपवर अँड्रॉइडचं अ‍ॅप चालवायचं म्हटलं की आधी एम्युलेटर, म्हणजे अख्ख्या फोनची सॉफ्टवेअरमधली नक्कल, आठवतो. लिनक्सवर अँड्रॉइड चालवणारं वेड्रॉइड हे एम्युलेटर नाही. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) असतो आणि तुमच्या उबंटूच्या तळाशीही तोच; मग दुसरा कर्नल बूट करायचाच कशाला? वेड्रॉइड लाइनेजओएसची (अँड्रॉइडवरच बेतलेल्या सिस्टीमची) इमेज एलएक्ससी कंटेनरमध्ये, म्हणजे लिनक्समधल्याच एका वेगळ्या कप्प्यात, उभी करतं आणि कर्नल तुमचाच वापरतं. म्हणून ते हलकं आहे, आणि म्हणूनच काही अडलं तर आधी आपल्या मशीनकडे बघायचं.

पहिलं बघायचं बाइंडर. अँड्रॉइडमधल्या प्रोसेस एकमेकींशी बाइंडरमार्फतच बोलतात; कर्नलमध्ये तो नसेल तर कंटेनर सुरूच होत नाही. जुन्या मार्गदर्शिकांत अ‍ॅशमेमचं मॉड्यूलही (सामायिक मेमरीसाठीचं) बसवायला सांगतात. ती पायरी सोडा, लिनक्स ५.१८ पासून अ‍ॅशमेम कर्नलमध्ये नाही आणि त्याचं काम मेमएफडी करतं.

लॉगिन करताना वेलँडचं (स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या नव्या पद्धतीचं) सेशन निवडा. जुनं एक्स११ सोडायचंच नसेल तर त्यात वेस्टन (खिडकीत चालणारं छोटं वेलँड) उघडून वेड्रॉइड आत चालवावं लागतं. एनव्हिडियाच्या बंद ड्रायव्हरवर स्विफ्टशेडर लावावा लागतो. त्यात ग्राफिक्स कार्डाऐवजी सगळं चित्र प्रोसेसर काढतो, त्यामुळे वाचनाची अ‍ॅप्स चालतात, गेम मात्र रखडतात.

इंटरनेट चालत नसेल तर बहुतेकदा फायरवॉल आडवा आलेला असतो. पोर्ट ६७ बंद असेल तर आयपी पत्ताच मिळत नाही. ५३ बंद असेल तर पत्ता मिळतो, पण वेबसाइटची नावं उलगडत नाहीत. दोन्ही ठीक असून पान उघडत नसेल तर फॉरवर्डिंग (कंटेनरची वाहतूक पुढे बाहेर पाठवणं) अडलेलं आहे.

सर्वांत जास्त गोंधळ प्रोसेसरमुळे होतो. एपीके, म्हणजे अँड्रॉइडची इन्स्टॉल करायची फाइल, ही साधी झिप फाइल असते. ती उघडा आणि 'लिब' फोल्डर बघा. फोल्डरच नसेल तर अ‍ॅप निव्वळ जावा-कोटलिनचं आहे, प्रोसेसर कुठलाही चालेल. आत एक्स८६_६४ (इंटेल-एएमडीसाठीचा कोड) असेल तरी उत्तम. फक्त एआरएम६४ (फोनच्या प्रोसेसरसाठीचा कोड) असेल तर इन्स्टॉल होतानाच नकार मिळतो, आणि सूचना भाषांतरित करणारा थर वेगळा बसवावा लागतो: इंटेलवर लिबहुडिनी, एएमडीवर बहुधा लिबएनडीके बरा चालतो. एम्युलेशन शिरतं ते एवढ्याच जागी, आणि वेगही इथेच खर्च होतो. म्हणून एकाच अ‍ॅपची एक्स८६ आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्या.

यूपीआयचं विचाराल, तर नाद सोडा. नोंदणीसाठी बँकेत दिलेल्या नंबरच्या सिमवरून एसएमएस जावा लागतो आणि कंटेनरला सिम नसतं. शिवाय बँकांची बरीच अ‍ॅप्स गूगलच्या प्ले इंटेग्रिटीकडून उपकरणाची खातरजमा करून घेतात. प्ले स्टोअरसाठी गूगलच्या पानावर उपकरणाचा आयडी नोंदवता येतो. पण त्याने स्टोअर उघडतं, ही तपासणी पार होत नाही. ती चुकवायच्या युक्त्या सांगणारे भेटतील. पैशांच्या अ‍ॅपवर त्या करू नका.