साड्यांखाली ठेवलेला संच

नमस्कार मैत्रिणींनो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे शेक, म्हणजे बाहेरून द्यायचं रेडिएशन, संपतात, आतून द्यायचं रेडिएशनही होतं, आणि एक दिवस हातात गुळगुळीत नळकांड्यांचा संच पडतो. डायलेटर, म्हणजे योनिमार्ग मोकळा राहावा म्हणून आत सरकवायची साधनं. 'घरी वापरा' एवढंच सांगितलेलं असतं. पुष्कळ जणींकडे तो साड्यांखाली तसाच राहतो.

हा आळस नव्हे. आतलं रेडिएशन देताना शरीरात जे घातलं होतं, त्याची आठवण हा संच करून देतो. त्यात घर लहान. कडी लावली तर सासूबाई विचारणार. आणि 'हे नवऱ्यासाठी' हा समज! त्यापायी विधवा, अविवाहित बायकांना कधी कधी याबद्दल सांगितलंच जात नाही. हे चूक आहे. रेडिएशनने योनिमार्ग कोरडा पडतो, भिंती चिकटतात, मार्ग आखूड आणि अरुंद होतो. मग पुढच्या तपासण्या दुखतात, डॉक्टरांना आतलं नीट दिसत नाही.

डॉक्टरांनी तपासल्यावर, शेक संपून साधारण २ ते ८ आठवड्यांत सुरुवात करतात. आठवड्यातून २-३ वेळा, ५ ते १० मिनिटं. पाठीवर झोपून गुडघे वाकवा. सगळ्यात बारीक डायलेटरला पाण्यात विरघळणारी जेली भरपूर लावा. खालचे स्नायू एकदा आवळा, सैल सोडा, आणि श्वास सोडताना तो कमरेच्या मागच्या दिशेने हळू सरकवा. अडला की थांबा, रेटू नका. भीतीने स्नायू आवळतात, त्यामुळे दुखतं, आणि दुखलं की पुढच्या खेपेला भीती दुप्पट. म्हणून रडू आलं तर काढून ठेवा, परवा पुन्हा बघा. मोठ्या मापाची घाई तर नकोच. नंतर कोमट पाण्याने, साबणाने धुऊन कोरडा करा.

गुलाबी डाग दिसला की 'परत आला का?' म्हणून काळजात धस्स होतं. चिकटलेला भाग सुटताना थोडा डाग पडतो. मात्र लाल रक्त जास्त जात असेल, घाण वास येत असेल किंवा दुखणं थांबत नसेल, तर लगेच दाखवा.

नवऱ्यांनीही ऐकावं: संबंधातून कर्करोग लागत नाही. उपचार संपल्यावर किरण तिच्या अंगात उरत नाहीत. तिला वेळ हवा असतो, आणि जवळ बसलेलं माणूस.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी हा विषय काढला नाही, तर आपणच विचारा: "मार्ग किती अरुंद झालाय? मी कोणत्या मापापासून सुरू करू?"