सुराबायातल्या मराठा पलटणी

नमस्कार श्रोतेहो. 25 ऑक्टोबर 1945 रोजी जावा बेटावरच्या सुराबाया बंदरात ब्रिटिशांची 49वी इंडियन ब्रिगेड उतरली. तिच्या तीन पलटणींपैकी दोन मराठा लाइट इन्फंट्रीच्या. महायुद्ध संपलेलं. जपान्यांची हत्यारं काढून घ्यायची, छावण्यांतले कैदी सोडवायचे, असं काम सांगितलेलं.

पण 17 ऑगस्टलाच स्वातंत्र्य चळवळीचे पुढारी सुकार्नो आणि हत्ता यांनी इंडोनेशियाचं स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. डचांना ते मान्य नव्हतं. साखर, रबर, तेल देणारी वसाहत कोण सोडतो? मात्र 1942 मध्ये हेच डच जपान्यांपुढे काही आठवड्यांत शरण गेलेले साऱ्यांनी पाहिले होते. त्यांचा वचक तेव्हाच गेला. सप्टेंबरात सुराबायाच्या एका हॉटेलवर डच झेंडा फडकला, तर पोरांनी वर चढून त्याची निळी पट्टी फाडून टाकली. उरला लाल-पांढरा, म्हणजे इंडोनेशियाचाच.

स्थानिक पुढाऱ्यांशी ब्रिगेडची बोलणी होऊन जेमतेम समेट झाला होता. तरी 27 ऑक्टोबरला ब्रिटिशांच्या विमानातून पत्रकं पडली: 48 तासांत हत्यारं खाली ठेवा. शहर पेटलं. गावभर विखुरलेल्या आपल्या लहान लहान तुकड्या हजारोंच्या गराड्यात सापडल्या. सुकार्नोंनी स्वतः येऊन लढाई थांबवली, पण 30 तारखेला ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले. मग 10 नोव्हेंबरला पाचवी इंडियन डिव्हिजन, युद्धनौकांच्या तोफा आणि विमानं शहरावर तुटून पडली. रेडिओवरून बुंग तोमो हा स्थानिक पुढारी लोकांना लढायला हाक देत होता. शहर तीन आठवडे झुंजलं.

सातारा-रत्नागिरीकडच्या शिपायाचं त्या पोरांशी काय वैर होतं? त्याचा स्वतःचा देशही अजून पारतंत्र्यातच होता. परक्या वसाहतीतली माणसं आणून दुसरी वसाहत दाबायची, हा साम्राज्याचा जुना हिशेब. मला तरी दोष शिपायाला देववत नाही.

पुढे 1947 आणि 1948 मध्ये डचांनी दोन मोठे हल्ले केले आणि त्यांना ‘पोलीस कारवाई’ म्हटलं. इंडोनेशियाचे सेनापती जनरल सुदिर्मान क्षयानं खंगलेले. सहकारी त्यांना डोलीतून डोंगरात नेत, आणि तिथून ते गनिमी काव्यानं लढत. अखेर अमेरिकेनं डोळे वटारले तेव्हा डच नमले. 27 डिसेंबर 1949 रोजी सत्तांतर झालं, तेही पश्चिम न्यू गिनी डचांनी स्वतःकडे ठेवून. शिवाय नव्या देशाच्या माथी सुमारे 430 कोटी गिल्डरचं कर्ज मारलं. त्यातला मोठा हिस्सा त्या देशालाच चिरडण्यासाठी झालेल्या लढाईच्या खर्चाचा होता.