पेरणी रोजचीच असते

श्रोतेहो, प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने तुम्हा सर्वांना सलाम.

आपले तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने झाले आहे, आपल्या कर्मांनी नाही, हे आपण वारंवार ऐकतो आणि ते खरे आहे. पण त्याच्या आडून एक विचार मनात शिरतो. तारण तर मिळाले, मग दिवसभरात मी कोणाशी कसा वागलो याचा एवढा हिशेब कशाला? उपासनेला जातो, प्रार्थना करतो, दान देतो. बाकीचे देव सांभाळून घेईल.

प्रेषित पौलाने गलतीकरांस, म्हणजे गलतीया प्रांतातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना, लिहिलेले बायबलमधले पत्र उघडून पाहा. माणूस विश्वासानेच नीतिमान ठरतो, हे त्याने त्यात किती तळमळीने मांडले आहे! आणि त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात तो बजावतो: फसू नका, देवाचा उपहास व्हायचा नाही, माणूस जे पेरतो त्याचेच पीक त्याला मिळेल. हे शब्द बाहेरच्यांसाठी नाहीत. मंडळीतल्या, विश्वास ठेवलेल्या भावाबहिणींना तो हे सांगतो आहे. त्याच अध्यायात थोडे आधी म्हणतो की एकमेकांची ओझी वाहा. म्हणजे ही पेरणी कुठे होते हेही त्याने सांगून ठेवले आहे.

ती किती बारीक असते पाहा. दिवसभराच्या कामाने तुम्ही दमलेले आहात आणि फोन वाजतो. नाव दिसते. माणूस एकटा आहे, तेच गाऱ्हाणे पुन्हा सांगणार, अर्धा तास जाणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. अंगठा क्षणभर थबकतो. उचलायचा की वाजू द्यायचा? वाजू दिला तर कोणाला काही कळणार नाही. (खरोखरच काम असेल, तर गोष्ट वेगळी. मी टाळण्याबद्दल बोलतो आहे.) पहिल्या वेळी मनाला टोचते. पुढच्या वेळी कमी टोचते. मग एक दिवस ते नाव दिसूनही आत काहीच हलत नाही. मला या सगळ्यात भीती वाटते ती याचीच. ते काहीच न वाटणे, हेच पीक. शिक्षा वरून कोसळावी लागत नाही. तेच मन घेऊन आपण रात्री गुडघे टेकतो आणि प्रार्थना कोरडी का झाली म्हणून नवल करतो. येशूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या पत्रात पतींना सांगतो की पत्नीशी समजून वागा, तिला मान द्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनांत अडथळा येणार नाही. घरातले वागणे आणि देवापुढची प्रार्थना यांची त्याने सरळ गाठ घातली आहे.

आता मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायाकडे या. न्यायाच्या दिवशी राजा, म्हणजे स्वतः प्रभू, सिंहासनावर बसला आहे आणि मेंढरे व शेरडे वेगळी करावीत तशी माणसे उजवीकडे व डावीकडे वेगळी होत आहेत. तो म्हणतो, मी भुकेला होतो, तान्हेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो. नीट ऐका, आजाऱ्याला तुम्ही बरे केले का, कैद्याला सोडवले का, असे तो विचारत नाही. आजाऱ्याचा समाचार घेतला, कैद्याला भेटायला गेला, एवढेच तो मोजतो. जे कोणाच्याही हातचे आहे तेवढेच. आणि डावीकडच्यांवर चोरीचा किंवा खुनाचा आरोप नाही. त्यांनी काही केले नाही, हाच आरोप.

त्याहून विलक्षण म्हणजे दोन्ही बाजूंचे लोक चकित होतात. प्रभू, आम्ही तुला असे केव्हा पाहिले? गरजूंसाठी जे केले ते माझ्यासाठीच केले, असे राजा त्यांना सांगतो. उजवीकडच्यांनी बक्षिसाकडे डोळा ठेवून दया केलीच नव्हती. दया त्यांच्या अंगात मुरली होती, म्हणून ती त्यांच्या लक्षातही राहिली नाही. म्हणून, मित्रांनो, आपल्या भलेपणाची वही ठेवू नका. डाव्या हाताला कळू न देता दान करा, असे प्रभूने म्हटले ते याचसाठी.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात यापो गावच्या तबीथाची, म्हणजे दुर्कसची गोष्ट आहे. ती वारली, तेव्हा लोकांनी पेत्राला लोद गावाहून बोलावून आणले. तो माडीवरच्या खोलीत गेला, तर विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि दुर्कसने जिवंतपणी शिवलेले अंगरखे नि वस्त्रे दाखवू लागल्या. तिचे एकही वाक्य बायबलमध्ये नोंदलेले नाही. तिने कुठे उपदेश केल्याचे लिहिलेले नाही. शिवण आहे, आणि ते अंगावर घालणाऱ्या बायका आहेत. एकेक टाका घालताना हे देवाच्या वचनात लिहिले जाईल असे तिच्या मनातही आले नसेल. पेत्राने गुडघे टेकून प्रार्थना केली, तिला उठवले आणि त्या विधवांपुढे तिला जिवंत उभे केले.

कोणी म्हणेल, माझी तर पुष्कळ पेरणी वाईटच झाली, माझे काय? त्याने यरीहोच्या जक्कयाकडे पाहावे. मुख्य जकातदार, श्रीमंत, लोकांच्या नजरेत पापी. येशू आपण होऊन त्याच्या घरी उतरायला आला. जक्कयाने काही परत करण्याआधीच आला, कृपा पहिल्यांदा आली, हे विसरू नका. मग जक्कय उभा राहून म्हणाला, माझे अर्धे द्रव्य मी गरिबांना देतो, आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. आज या घराला तारण झाले आहे, असे येशू म्हणाला. पण चौपट परत करायचे म्हणजे ज्यांना नाडले त्यांना शोधून काढणे आले, एकेकाच्या दारी जाणे आले, त्यांच्या डोळ्यांतला राग सोसणे आले. तारण झालेल्या माणसाची पुढची कितीतरी सकाळ-संध्याकाळ त्या कामात गेली असेल.