‘सेल्फ-मेड’ म्हणताना

नमस्कार मंडळी,

आत्ता सत्कारमूर्तींच्या ओळखी वाचल्या गेल्या. जवळजवळ प्रत्येकीत एक शब्द होता: सेल्फ-मेड, म्हणजे स्वतःच्या बळावर घडलेला. टाळ्याही त्यालाच जास्त पडल्या. मला मात्र तो ऐकला की हल्ली माझा भाचा आठवतो. कॉलेजच्या पहिल्याच सत्रात त्याचं गणित अडलं. प्राध्यापकांनी भेटायची वेळ दारावर लावलेली होती, तरी हा गेला नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "मावशी, बाबा सेल्फ-मेड आहेत. मी मदत मागत फिरलो तर कसं दिसेल?"

केवढं ओझं घेऊन बसला होता पोरगा!

सेल्फ-टॉट म्हणजे शिक्षकाविना शिकलेला, सेल्फ-एम्प्लॉइड म्हणजे स्वतःचा व्यवसाय करणारा. हे दोन्ही तपासता येतं. पण सेल्फ-मेड माणूस कुणाविना घडला, हे कोण तपासणार? 1832 मध्ये अमेरिकेचे सिनेटर हेन्री क्ले यांनी सिनेटमधल्या भाषणात आपल्या केंटकी राज्यातल्या कारखानदारांना सेल्फ-मेड म्हटलं. चिकाटीने, कष्टाने त्यांनी संपत्ती मिळवली, असं त्यांचं म्हणणं. त्याच केंटकीत दोरखंडांच्या कारखान्यांत गुलाम राबत होते. क्ले स्वतःही गुलामांचे मालक. त्या राबणाऱ्यांचे कष्ट या शब्दाच्या हिशेबात आलेच नाहीत.

मग फ्रेडरिक डग्लस. गुलामीत जन्मले, 1838 मध्ये निसटले. हा शब्द कुणाला शोभावा तर त्यांना. ‘सेल्फ-मेड मेन’ याच विषयावर 1859 पासून ते अनेक वर्षं व्याख्यान देत राहिले. आणि त्यात ते काय सांगत? काटेकोरपणे बोलायचं तर जगात असा माणूसच नाही. आपल्याकडे जे आहे ते आपल्या काळातल्या किंवा आधीच्या माणसांकडून आलेलं आहे. जन्म, वारसा, शिक्षण यांचा नेहमीचा आधार नसताना जो कष्टाने वर आला, त्याच्यापुरता त्यांनी हा शब्द राखून ठेवला.

आपण तो कसा वापरतो? पदवीपर्यंतचं शिक्षण आईवडिलांनी केलं. अमेरिकेत उतरलो तेव्हा विमानतळावर घ्यायला आपल्या मराठी मंडळातले कुणी काका आले, घर मिळेपर्यंत कुणी आपली खोली दिली. 2015 पर्यंत एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या कुटुंबाच्या व्हिसावर, आलेल्या बायकांना इथे नोकरी करायची परवानगीच नव्हती. आपल्यातल्या कितीतरी जणी हातात पदवी असून वर्षानुवर्षं घरी राहिल्या आणि नवऱ्यांच्या करिअरची घडी त्यांनी बसवून दिली. ओळखीच्या कागदावर त्यांच्या वाट्याला "पत्नीची साथ लाभली" एवढीच ओळ येते. मंडळी, हे बरं नाही. कष्ट तुमचेच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण मुलांसमोर सांगताना ती खोली कुणी दिली, तेही नावानिशी सांगा. भाच्याला मी तेच सांगितलं, त्याच्या बाबांसमोर. तेही गप्प बसून ऐकत होते.

काळजी त्यापुढची आहे. आपल्याला कुणी हात दिला नाही असं ऐकत जो मोठा झाला, तो उद्या नव्याने आलेल्या मुलाला हात का देईल? नवागतांच्या मदतीसाठी मंडळाकडे स्वयंसेवकांची यादी असते. यंदाची मी नीट पाहिली. सगळी नावं आपल्याच वयाची आहेत.