गिटारला कंठ फुटला तेव्हा

पत्रिकेवर विषय छापलाय तो तुम्ही वाचलाच असेल. रॉकबिली, म्हणजे १९५० च्या दशकातलं सुरुवातीचं रॉक, वेस्टर्न स्विंग, म्हणजे टेक्सास-ओक्लाहोमातलं जॅझ मिसळलेलं नाचाचं संगीत, आणि त्यांच्या मागे उभी असलेली जुनी जॅझ गिटार. त्यावर बोलणार आहेच. पण गेल्या महिन्यात एक प्रसंग घडला, तो आधी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

एका जाणत्या संग्राहकाकडे तबकड्या लावून द्यायला गेलो होतो. माणूस फार प्रेमाने जपणारा. त्यांनी एडी लँग या जॅझ गिटारवाल्याच्या तबकड्या 'जॅझ'च्या कपाटात ठेवल्या होत्या आणि वेस्टर्न स्विंगचा बँड चालवणाऱ्या बॉब विल्सच्या 'काउबॉय संगीत' अशी चिठ्ठी लावलेल्या कपाटात. दोन कपाटं, दोन वेगळ्या खोल्यांत. मी म्हटलं, "अहो, हे दोघे शेजारी-शेजारी राहू देत." ते म्हणाले, "मग सापडायचे कसे?" मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण ती चिठ्ठी त्यांनी लावली असली, तरी मजकूर त्यांचा नव्हता. तो शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या तबकडी कंपन्यांनी लिहून ठेवलाय. काळ्या गिऱ्हाइकांसाठी एक यादी, गोऱ्या खेडवळ गिऱ्हाइकांसाठी दुसरी, आणि नंबरसुद्धा वेगळे.

त्या यादीने काय केलं बघा. १९२८-२९ मध्ये लॉनी जॉन्सन आणि एडी लँग या दोघांनी मिळून गिटारच्या जुगलबंदीच्या तबकड्या केल्या. जॉन्सन काळा, लँग गोरा. एकाच स्टुडिओत, एकमेकांसमोर बसून वाजवलेलं संगीत. पण काळ्यांच्या यादीत गोऱ्याचं नाव कसं छापणार? म्हणून लँगचं नाव छापलं 'ब्लाइंड विली डन'. डोळे उत्तम असलेल्या माणसाला कंपनीने आंधळं करून टाकलं! आणि 'एडी लँग' हेही त्याचं जन्माचं नाव नव्हे. फिलाडेल्फियातल्या इटालियन घरातला हा मुलगा, जन्म १९०२चा, मूळ नाव साल्व्हातोरे मासारो. एका माणसाला तीन नावं, आणि सूर तोच. तबकडी ऐकलीत तर नाव बघायची गरजच पडत नाही.

लँग का महत्त्वाचा, ते आपल्याकडच्या उदाहरणाने पटकन कळेल. पेटी हे साथीचं वाद्य. गायकाच्या मागे मागे चालायचं. गोविंदराव टेंब्यांनी तीच पेटी समोर घेतली आणि लोक नुसती पेटी ऐकायला बसू लागले. गिटारची अवस्था त्याहून बिकट होती. ट्रम्पेट-ट्रोम्बोनच्या दणक्यात ती ऐकूच यायची नाही, म्हणून सुरुवातीच्या जॅझ बँडमध्ये बँजो असायचा, कारण त्याचा आवाज फोडून बाहेर येतो. १९२५ च्या सुमारास विजेच्या मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि हलका आवाजही तबकडीवर उतरायला लागला. लँगला नेमकी ही वेळ सापडली. तो मूळचा व्हायोलिनचा विद्यार्थी. त्यामुळे गिटारवर एकेक सूर सुटा, गाता काढायचा त्याला सराव होता. जो वेनुटीच्या व्हायोलिनबरोबर त्याने केलेल्या तबकड्या जरूर मिळवा. १९३३ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर गेला.

या व्हायोलिन-गिटारच्या तबकड्या टेक्सासात पोचल्या. तिथे शनिवारी रात्री नाचाच्या हॉलमध्ये फिडल, म्हणजे खेडवळ ढंगाचं व्हायोलिन, वाजायचं. फोर्ट वर्थच्या मिल्टन ब्राउनच्या बँडमधला सेसिल ब्राउअर हा फिडलवाला वेनुटीचा भक्त. त्याच बँडमध्ये बॉब डन होता, तारांवर पोलादी कांडी सरकवून वाजवणारा. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात जिला हवाईयन गिटार म्हणायचे, तीच ती. तिची मींड आपल्या कानाला किती लगेच ओळखीची वाटते! जानेवारी १९३५ मध्ये शिकागोत डनने ही गिटार विजेवर लावून ध्वनिमुद्रण केलं. विजेच्या गिटारच्या अगदी पहिल्या तबकड्यांत तिची गणना होते. डनचा हात ऐका. हवाईची ती लांबलेली, झोकांड्या घेणारी सुरावट त्याच्याकडे नाहीच. तो तुटक, ठसक्यात वाजवतो, ट्रोम्बोन फुंकल्यासारखा. आणि हे चाललंय कुठे? गुराख्यांच्या नाचात.

आता एका टोपीची गोष्ट. ही गोष्ट मी कितीदाही सांगू शकतो. ऑगस्ट १९३९, बेव्हर्ली हिल्समधलं एक महागडं रेस्टॉरंट. तिथे बेनी गुडमन या नामांकित जॅझ क्लॅरिनेटवाल्याचा बँड वाजवतोय. जॉन हॅमंड या निर्मात्याने ओक्लाहोमाहून एक पोरगा आणलाय, चार्ली ख्रिश्चन, वय तेवीस. हॅमंड सांगायचे की त्याचा हिरवा सूट, जांभळा शर्ट, टोकदार पिवळे बूट आणि डोक्यावर भली थोरली काउबॉय हॅट बघूनच गुडमनचं तोंड वाकडं झालं. पोराला धड ऐकूनही घेतलं नाही. मग जेवणाच्या सुट्टीत हॅमंडने त्याची गिटार आणि अॅम्प्लिफायर गुपचूप स्टेजवर नेऊन ठेवले. गुडमन परत येऊन बघतो तर हा बसलेला. आता सर्वांसमोर हाकलता येईना. त्याने 'रोझ रूम' हे गाणं पुकारलं, या पोराला ते ठाऊक नसेल अशा हिशोबाने. पोराला ते ठाऊक होतं. एक आवर्तन झालं, दुसरं झालं, प्रत्येक वेळी नवी जागा, नवी तान. गाणं पाऊण तास चाललं म्हणतात. पोरगा बँडमध्ये राहिला. दोन-अडीच वर्षांनी, मार्च १९४२ मध्ये, क्षयाने गेला. पंचविसाव्या वर्षी.

सगळे या गोष्टीतला पाऊण तास लक्षात ठेवतात. मी हॅट लक्षात ठेवतो. जॅझ गिटारचा सगळ्यात मोठा माणूस काउबॉय हॅट घालून आला, कारण तो त्या मुलखातला होता! तो वाढला ओक्लाहोमा सिटीत, आणि बॉब विल्सचा बँड रेडिओवर वाजत होता टल्सातून, शंभर मैलांवर. ख्रिश्चन काळा, विल्स गोरा, म्हणून हॉल वेगळे होते, दारं वेगळी होती, पण रेडिओच्या लहरींना दार नसतं.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिलीत. बरं, मग मुख्य विषय भराभर घेतो.

विल्सच्या बँडमध्ये १९३७ ला एल्डन शॅम्बलिन आला. लँगला मानणारा. त्याची साथ ऐका, जवळपास प्रत्येक मात्रेला कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले तीन-चार सूर, बदलतो आणि खालून खर्जाचे सूर जिना चढल्यासारखे चालत राहतात. १९४१ मध्ये तो आणि त्याच बँडमधला पोलादी गिटारवाला लिऑन मॅकऑलिफ यांनी दोन गिटारी जोडीने अशा वाजवल्या की सॅक्सोफोनची रांगच वाटावी. पुढे ज्युनियर बर्नार्ड आला, त्याचा सूर अॅम्प्लिफायर फाटेल असा खरखरीत. रॉकचा तो आवाज इथे १९४६-४७ मध्येच ऐकू येतो.

रॉकबिलीचं सांगायचं तर, 'रॉक अराउंड द क्लॉक' गाणाऱ्या बिल हेलीच्या जुन्या बँडच्या नावातच 'वेस्टर्न स्विंग' होतं. १९५६ मध्ये जीन व्हिन्सेंट या रॉकबिली गायकामागे गिटार वाजवणारा क्लिफ गॅलप लेस पॉल या गिटारवाल्याच्या वाटेने गेला, आणि लेस पॉलचे आदर्श लँग आणि युरोपातला जॅझ गिटारवाला जँगो राइनहार्ट. एल्व्हिस प्रेस्लीचा गिटारवाला स्कॉटी मूर अंगठ्याने खर्ज धरायला मर्ल ट्रॅव्हिस या कंट्री गिटारवाल्याचं ऐकून शिकला, पण जॅझ गिटारवाल्यांच्या तबकड्याही मन लावून ऐकायचा. आणि एक खूण सांगतो, घरी तपासा. रॉकबिलीच्या कितीतरी तबकड्या संपताना शेवटच्या कॉर्डमध्ये सा-ग-प बरोबर धैवत मिसळलेला असतो. तो धैवत स्विंगचा आहे, पोलादी गिटार तर त्यावरच लावायचे.

शेवटचं. १२ एप्रिल १९५४, न्यूयॉर्क. हेलीच्या ध्वनिमुद्रणाचा बहुतेक वेळ दुसऱ्याच गाण्यात गेला. 'रॉक अराउंड द क्लॉक'साठी थोडकाच उरला, म्हणून गिटारवाल्या डॅनी सेड्रोनने दोन वर्षांपूर्वी हेलीच्याच दुसऱ्या तबकडीवर वाजवलेला सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, जसाच्या तसा पुन्हा वाजवला. या सेशनचे त्याला एकवीस डॉलर मिळाले. दोन महिन्यांनी जिन्यावरून पडून तो गेला. गाणं जगभर गाजलेलं त्याने पाहिलंच नाही. सेड्रोनही इटालियन वंशाचा, फिलाडेल्फियात राहणारा. लँगच्या गावचा.

तबकडी आणलीय. दोन कडवी होऊ द्या, मग सोलो येईल. त्याच्या शेवटी अर्ध्या-अर्ध्या सुराने झरझर उतरणारी एक तान आहे, तिथे मी हात वर करीन. थांबा, सुई ठेवतो.