रेडा नंतर आला

(सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात एका ज्येष्ठ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार. खाली चपला काढताना एका आजोबांनी मला गाठलं. म्हणाले, "डॉक्टर, एकच सांगा, वर काही आहे का नाही?" म्हटलं, आजोबा, वरचं मला ठाऊक नाही, मी मरणाच्या दारातून परत आलेल्यांच्या आठवणींवर, म्हणजे कवटीच्या आतल्यावर बोलणार आहे. "मग मी मागं बसतो," म्हणाले. बसलेत बघा, बरोबर पंख्याखाली. मे महिन्यात सोलापुरात पंख्याखालची खुर्ची मिळणं हीसुद्धा एक प्रकारची मुक्तीच.

एका पेशंटपासून सुरुवात करतो. यंत्रमागावर उभं आयुष्य काढलेला माणूस, वय 58. छातीत कळ आली म्हणून दाखल झाले आणि आयसीयूत माझ्या डोळ्यांदेखत त्यांचं हृदय थांबलं. छातीवर दाब देणं सुरू केलं, दोन शॉक दिले, चारेक मिनिटांत ठोके परत आले. तिसऱ्या दिवशी राउंडला गेलो तर माझा हात धरून हळूच म्हणाले, "साहेब, मी जाऊन आलो." मला डायरी लिहायची सवय आहे. त्या दिवशीची नोंद जशीच्या तशी वाचतो: "पिवळा उजेड, ताडपत्रीतून येतो तसा. कुणीतरी बसलेलं. वही. पान उलटल्याचा आवाज. 'हा तो नव्हे.' मग छातीत दुखलं." संपलं.

सव्वा वर्षाने तपासणीला आले, तेव्हा त्यांनी तीच हकीकत मला पंचवीस मिनिटं सांगितली. आता दोन काळे दूत होते, हातात दोर होता, दारात रेडा होता, रेड्याच्या गळ्यात घंटा होती. घंटेबद्दल बोलताना त्यांच्या हातावर काटा उभा राहिला. मी पाहिला, खराखुरा काटा. माणूस खोटं बोलत नव्हता. मग सव्वा वर्षात हा रेडा आला कुठून?

आधी एक गैरसमज काढू. हृदय थांबून परत आलेल्या प्रत्येकाला काही दिसतं, असं नाही. पिम व्हॅन लोमेल या डच हृदयरोगतज्ज्ञांनी 10 रुग्णालयांतल्या अशा 344 रुग्णांना विचारलं आणि 2001 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. 62 जणांना काहीतरी आठवत होतं, म्हणजे 18 टक्के. बाकीच्यांची पाटी कोरी. आणि उलटही खरं आहे. ज्यांच्या जिवाला प्रत्यक्षात धोका नव्हता, नुसते भ्यायले किंवा बेशुद्ध पडले, अशांनाही तोच उजेड, तीच शांती, शरीरातून बाहेर पडल्याची तीच भावना सांगता येते.

पण ज्यांना आठवतं, त्यांची आठवण विलक्षण ठसठशीत असते. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठात कोमावर काम करणारा एक गट आहे. त्यांनी 2013 साली असे अनुभव आलेल्या लोकांना स्मृतीची प्रश्नावली दिली. रंग किती स्पष्ट, आवाज किती, मनात काय होतं, तुम्ही स्वतः त्यात कुठे होतात, असे प्रश्न. त्याच माणसांना त्यांच्या आयुष्यातल्या खऱ्या प्रसंगांबद्दल आणि नुसत्या कल्पनेतल्या प्रसंगांबद्दलही तेच विचारलं. अपेक्षा काय होती? भास असेल तर आठवण कल्पनेच्या जवळ जाईल. निघालं भलतंच. ही आठवण खऱ्या प्रसंगाच्या आठवणीपेक्षाही तपशीलवार निघाली. स्वतःच्या लग्नापेक्षा स्पष्ट म्हणा ना. अनुभव आलेले लोक मोजून आठ होते, हे सांगायला हवं. पण पुढे मोठ्या गटांवरही तसंच दिसलं. इटलीत पादुआच्या संशोधकांनी 2014 साली ईईजी लावून पाहिलं, तेव्हा या आठवणी सांगतानाच्या मेंदूच्या लहरी कल्पनेपेक्षा खऱ्या आठवणींशी जुळल्या.

इथे अनेक जण टाळी वाजवतात: "म्हणजे खरंच आहे!" थांबा. मेंदूकडे 'खरं' असा शिक्का नसतो. एखादी गोष्ट घडली की मनात आली, हे तो तपशिलावरून ठरवतो. रंग भरपूर, भावना भरपूर, म्हणजे घडलेली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्सिया जॉन्सन यांनी हे फार सुंदर मांडलं आहे, आणि ती प्रश्नावलीही मुळात त्यांचीच. तेव्हा 'खऱ्यापेक्षा खरी वाटते' या वाक्यातून आठवणीची जात कळते, ती आली कुठून हे कळत नाही.

आता मला खरोखर छळणारा प्रश्न. ही आठवण तयार कधी होते? मेंदूचं वजन शरीराच्या 2 टक्के, पण प्राणवायू खातो 20 टक्के. रक्त थांबलं की दहा-वीस सेकंदांत शुद्ध जाते आणि ईईजीची रेषा सपाट होते. त्यात नवी आठवण नोंदवणारा हिप्पोकॅम्पस प्राणवायूच्या बाबतीत सगळ्यात नाजूक. म्हणजे दुकान जळत असताना सगळ्यात आधी मुनीम पळाला, आणि तरी त्या दिवसाचा हिशेब सगळ्यात चोख!

वाटा तीन दिसतात. एक, हृदय थांबल्यावरचे पहिले काही क्षण. मिशिगन विद्यापीठातल्या जिमो बोरजिगिन यांनी 2013 साली 9 उंदरांचं हृदय थांबवून पाहिलं, तर पहिल्या 30 सेकंदांत मेंदूत गॅमा नावाच्या वेगवान लहरींची मोठी उसळी दिसली. 2023 साली त्यांनी व्हेंटिलेटर काढलेल्या 4 रुग्णांच्या नोंदी तपासल्या, दोघांत तशीच उसळी होती. पण ते दोघे परत आले नाहीत, त्यांनी काय पाहिलं हे त्यांच्याबरोबर गेलं. दुसरी वाट, छातीवर दाब देताना. चांगला सीपीआर नेहमीच्या पाव ते एक तृतीयांश रक्त पुरवतो, तेवढ्यात जाणिवेचा दिवा मिणमिणू शकतो. तिसरी, शुद्धीवर येतानाची. आणि आठवणीवर पोस्टाच्या शिक्क्यासारखी वेळ छापलेली नसते. परत येतानाच्या दोन मिनिटांत विणलेलं चित्र माणूस बेधडक 'मी मेलो होतो तेव्हा' या खणात ठेवतो. (विणलेलं म्हणालो. ताणा-बाण्याची उपमा सोलापुरात द्यायची नाही असं ठरवून आलो होतो, निसटली.)

वेळ ठरवायचा प्रामाणिक प्रयत्न सॅम पार्निया या डॉक्टरांनी केला. रुग्णालयांत उंच फळ्या बसवल्या, त्यांवर फक्त छतावरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. कुणी खरंच वर तरंगत असेल तर चित्र सांगेल. हृदय बंद पडल्याच्या 2060 घटना झाल्या, 2014 साली निकाल आला. पाहिलं-ऐकलं म्हणून नीट सांगू शकणारे दोघेच, आणि त्या दोघांचं हृदय जिथे थांबलं तिथे फळीच नव्हती. नशीब म्हणायचं, दुसरं काय!

वरून दिसण्याचंच घ्या. आता सगळ्यांनी डोळे मिटा आणि शाळेचा पहिला दिवस आठवा. दप्तर, पाटी. किती जणांना त्या चित्रात आपण स्वतः उभे दिसतो? हात वर करा. अर्ध्याहून जास्त! पण तुम्ही तर तुमच्या डोळ्यांनी पाहत होतात, स्वतःला पाहिलंत कुठून? जुन्या आणि भावनेने भिजलेल्या आठवणी अशा बाहेरून दिसतात, निग्रो आणि नायसर या मानसशास्त्रज्ञांनी 1983 सालीच हे नोंदवलं. आणि 2002 साली ओलाफ ब्लांके या मेंदूतज्ज्ञांनी अपस्माराच्या एका रुग्ण महिलेच्या मेंदूतल्या उजव्या अँग्युलर गायरस या भागाला सूक्ष्म विद्युतप्रवाह दिला, तेव्हा ती पूर्ण शुद्धीत म्हणाली, मी वरून स्वतःला पलंगावर पडलेली पाहतेय.

माझं स्वतःचं सांगतो. मोहोळजवळ आमचं गाव. विहिरीत पोहायला शिकताना पाठीचा पत्र्याचा डबा सुटला आणि मी खाली गेलो. हिरवा उजेड, कानात घूं आवाज, आणि काठावरून दिसणारा लाल चड्डीतला मी. पन्नास वर्षं हे चित्र जपलंय. मागच्या दिवाळीत दादाला सांगितलं तर तो हसायलाच लागला. "लाल चड्डी माझी होती. आणि तू बुडाला नव्हतास, पायरीला धरून रडत होतास." आता दादाची आठवण तरी खरी कशावरून, हा प्रश्न आहेच. आमचं भांडण अजून मिटलेलं नाही.

तर रेडा. बेंगळुरूच्या निमहान्स या मनोविकार संस्थेतल्या सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतले इयन स्टीव्हन्सन यांनी 1986 साली भारतातले असे 16 अनुभव छापले. त्यांत बोगदा नाही, स्वतःचं शरीर वरून पाहणं नाही. आहेत ते दूत, वही घेऊन बसलेला माणूस, आणि 'चुकीचा माणूस आणलात, परत न्या' हा कारकुनी घोटाळा. आपल्या देशात मरणाचंही कार्यालय असतं, आणि तिथेही नावात गफलत होते! म्हणजे अनुभवाचा सांगाडा मेंदूचा आणि कपडे गावाचे, असं म्हणण्याचा मोह होतो. मात्र कपडे कधी चढतात? माझ्या पेशंटच्या बाबतीत वही तिसऱ्या दिवशीच हजर होती. रेडा नंतरचा.

करीम नादर या मेंदूशास्त्रज्ञांनी 2000 साली उंदरांवर दाखवून दिलं की आठवण काढली की ती काही काळ पुन्हा मऊ होते आणि नव्याने घट्ट व्हावी लागते. ती मऊ असताना त्यात काय पडेल सांगता येत नाही. माझा पेशंट घरी गेल्यावर पाहुणे आले असणार. "कोण न्यायला आलं होतं? काळे होते का? रेडा होता का हो?" हो-नाही करत माणूस आठवायला बसतो, आणि दहाव्या पाहुण्यापर्यंत रेडा दारात बांधलेला असतो.

पाहुण्यांना नावं ठेवण्याआधी डायरीचं ते पान मी परत वाचलं. समासात माझाच प्रश्न लिहिला होता: "कोण होतं तिथं?" 'कुणीतरी बसलेलं' हे त्यानंतरचं वाक्य. म्हणजे तिथे कुणाला तरी आणून बसवणारा पहिला माणूस कदाचित मीच. तेव्हापासून मी एवढंच विचारतो, "काय आठवतंय?" आणि गप्प बसतो. नर्सनाही तेच शिकवलंय. अवघड असतं, कुतूहल जीभ खाजवतं.

सव्वा वर्षाने तपासणीला आले त्या दिवशी मी माझ्या पेशंटला ते पान वाचून दाखवलं. म्हटलं, हे बघा, तिसऱ्या दिवशी तुम्ही रेड्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. त्यांनी पान हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवून दोनदा पाहिलं आणि अगदी समजूत काढल्यासारखे म्हणाले, "रेडा होताच की ओ साहेब. तुम्हीच लिहायचं विसरलाव."